चर्चची धर्मादाय संस्था गरीब वस्त्यांसाठी विहिरी बांधते. तिला देणगी द्यावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परिचितांच्या चर्चशी संलग्न असलेली एक धर्मादाय संस्था गरीब वस्त्यांमध्ये विहिरी खोदून हातपंप बसवून देते, आपण स्वतः ख्रिस्ती नाही, मदत करण्याची इच्छा आहे, पण लोकांना स्वच्छ पाणी खरोखरच मिळते का आणि पाण्याबरोबर धर्मप्रचारही होतो का, अशा दोन शंका मनात आहेत. मी काही वर्षे देणगीदारांच्या वतीने अशा पाणवठ्यांची तपासणी करण्याचे काम केले. त्या देणगीदारांत चर्चच्या संस्था होत्या आणि धर्माशी काहीही देणेघेणे नसलेल्याही होत्या. माझे मत आधीच सांगून टाकतो. देणगी द्यावी, मात्र संस्थेने आजवर किती विहिरी बांधल्या हे विचारत बसू नये, पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या विहिरींपैकी आज किती चालू आहेत हे विचारावे, आणि त्याचे सरळ उत्तर मिळाले तरच पैसे द्यावेत.

असे म्हणण्याचे कारण आकड्यांत आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील हातपंपांच्या मोठ्या पाहण्यांत कोणत्याही एका दिवशी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पंप बंद असल्याचे दिसून आले. हे पंप सरकारने, परदेशी मदतसंस्थांनी आणि चर्चनी, सर्वांनीच बसवलेले आहेत, त्यामुळे दोष एकट्या कोणाच्या माथी मारता येत नाही. विहीर खोदणे हे काही दिवसांचे काम आहे, त्याला देणगीदार मिळतात आणि पहिली धार आली की छायाचित्रही उत्तम येते. त्यानंतरची पंधरावीस वर्षे पंप चालू ठेवण्याचे काम मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे नेमके कसे घडते ते लक्षात येईल. एका वस्तीत मी भर दुपारी पोहोचलो होतो. सिमेंटचा चौथरा, कडेला चर्चचे नाव कोरलेली फरशी, पंपाचे हँडल उन्हाने तापलेले. हापसायला लागलो तर हँडल हाताला अजिबात जड लागेना, आणि हँडल हलके लागणे म्हणजे पाणी वर चढत नसणे. चाळीसेक वेळा हापसल्यावर तोटीतून बारीक, गढूळ धार आली, आणि हात थांबताच पाणी पुन्हा खाली उतरून गेले. आतले वायसर झिजले होते आणि तळाची झडप गळत होती. हे दोन्ही भाग ओंजळीत मावतील एवढेच असतात. पंपापासून दहा पावलांवरून बायका घागरी घेऊन ओढ्याकडे जात होत्या. त्यांतली एक थांबून म्हणाली की पंप चर्चचा आहे, त्यांची माणसे येतील तेव्हा दुरुस्त होईल. संस्थेच्या कार्यालयात मला जो कागद दाखवण्यात आला, त्यात पंप समारंभपूर्वक वस्तीच्या ताब्यात दिल्याचे लिहिले होते. म्हणजे वस्तीच्या दृष्टीने पंप संस्थेचा आणि संस्थेच्या दृष्टीने वस्तीचा. मधल्या मध्ये तो कोणाचाच नव्हता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हातपंपाच्या इतिहासात मिशनच्या लोकांचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद फारशी घेतली जात नाही. खेड्यांत पूर्वी बसवले जाणारे ओतीव लोखंडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले होते. शेकडो माणसे दिवसभर हापसू लागली की ते काही महिन्यांतच मोडत असत. मिशनच्या विंधनविहिरींच्या कामातून जालना येथे पोलादी सांगाड्याचा, कमी सांध्यांचा एक पंप तयार झाला, आणि त्याच धर्तीवर पुढे सोलापूर येथे अधिक टिकाऊ पंप निघाला. या सोलापूर पंपाचा आधार घेऊन १९७०च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या प्रयत्नांतून ‘इंडिया मार्क टू’ हा पंप आकाराला आला, जो नंतर लाखोंच्या संख्येने अनेक देशांत बसवला गेला. त्याच्यातही एक अडचण होती: आतले नळ आणि दांडे वर काढायचे तर जड अवजारे आणि प्रशिक्षित माणसे लागत. म्हणून १९८०च्या दशकात मलावी आणि केनिया येथे ‘आफ्रिदेव’ पंप विकसित झाला. त्याचा नळ प्लॅस्टिकचा असतो आणि वायसर बदलण्यासाठी संपूर्ण नळ उपसावा लागत नाही. एका पान्याने गावातलीच माणसे ते काम करू शकतात. साधारण ४५ मीटरपर्यंतच्या पाण्याला तो चालतो. संस्था कोणता पंप बसवते आणि त्याचे सुटे भाग वस्तीपासून किती अंतरावर मिळतात, एवढे विचारले तरी तिने पुढचा विचार केला आहे की नाही ते कळते.

आता ‘स्वच्छ’ या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी गुंतागुंत तिथे आहे. जमिनीखालचे पाणी दिसायला नितळ असते आणि पाहणाऱ्याचा त्यावर चटकन विश्वास बसतो. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या पंपाच्या पाण्यामुळे पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली, त्या पंपाचे पाणी लोक आवडीने पीत होते. डॉ. जॉन स्नो यांनी त्या पंपावर बोट ठेवले, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण तिथल्याच चर्चमधील तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर फिरून केलेली चौकशी सहसा सांगितली जात नाही. सुरुवातीला स्नो यांचे म्हणणे त्यांना पटले नव्हते. ते खोडून काढण्यासाठी माहिती गोळा करता करताच, आजारी बाळाची लंगोटी धुतलेले पाणी ज्या खड्ड्यात टाकले जात होते तो खड्डा विहिरीला अगदी लागून असल्याचा दुवा त्यांच्या हाती लागला. चर्चच्या माणसाने पाण्याच्या कामात काय करावे याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही: वस्तीतले प्रत्येक घर त्यांना ठाऊक होते आणि स्वतःचे मत बदलण्याची त्यांची तयारी होती.

मैल्याचे पाणी झिरपण्याचा धोका बांधकामाने बराच टाळता येतो. विहीर आणि शौचालयाचा खड्डा यांत किमान ३० मीटर अंतर ठेवावे, बोअरच्या वरच्या भागात केसिंग पाइपभोवतीची पोकळी पक्की बुजवावी, चौथऱ्याला तडा जाऊ देऊ नये आणि सांडपाणी शोषखड्ड्यात वाहून न्यावे, असे साधे नियम आहेत. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जंतू आढळता कामा नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे, आणि ती चाचणी खेड्यातही करता येते. खडकातून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यांचे मात्र तसे नाही. बांगलादेशात लोकांनी जुलाब आणि पटकी पसरवणारे तळ्यांचे पाणी सोडावे म्हणून १९७०च्या दशकापासून कूपनलिकांचा मोठा प्रसार करण्यात आला. हेतू चांगला होता आणि पाणीही नितळ होते. १९९०च्या दशकात लक्षात आले की त्यांतल्या असंख्य नळ्यांच्या पाण्यात आर्सेनिक आहे आणि कोट्यवधी माणसे ते वर्षानुवर्षे पीत आली आहेत. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसते आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. पुढे चाचण्या करून सुरक्षित नळ्यांना हिरवा आणि असुरक्षित नळ्यांना लाल रंग देण्यात आला. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीच्या भागात हाच प्रश्न फ्लोराइडचा आहे. प्रमाण बरेच वाढले तर आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि फ्लोराइडची १.५ मिलिग्रॅम आहे. पंप सुरू करण्याआधी या दोन्ही चाचण्या झाल्या का, आणि अहवाल पाहायला मिळेल का, हे आपण निःसंकोच विचारावे.

विहिरीतून चांगले निघालेले पाणी घरी पोहोचेपर्यंत खराब होते, हीसुद्धा नेहमीची गोष्ट आहे. उघड्या तोंडाच्या भांड्यात हात बुडाला की विहिरीवरचा सगळा खटाटोप वाया जातो. अरुंद तोंडाचे, झाकणाचे भांडे आणि हात धुण्याची सवय यांवर संस्था काही काम करत असेल, तर ती अधिक भरवशाची समजावी.

खोदाईच्या ऋतूबद्दल एकच सांगतो. पावसाळ्यानंतर लगेच खोदलेल्या विहिरीला भरपूर पाणी लागते आणि ऐन उन्हाळ्यात ती कोरडी पडते, त्यामुळे साधी विहीर पाण्याची पातळी सर्वांत खाली असताना खोदावी, आणि विंधनविहिरीवर काही तास सलग उपसा करून पातळी किती खाली जाते व किती वेळात पुन्हा भरते याची नोंद ठेवावी.

धर्मप्रचाराची आपली शंका रास्त आहे आणि तिला एकाच शब्दात उत्तर नाही. रेड क्रॉसच्या पुढाकाराने १९९४ साली आपत्कालीन मदतीसाठी जी आचारसंहिता तयार झाली, तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: मदत गरज पाहून द्यावी, घेणाऱ्याचा वंश किंवा धर्म पाहून नव्हे, आणि मदतीचा वापर विशिष्ट राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करू नये. ही संहिता पुरस्कृत करणाऱ्यांत कॅरिटास, ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस याही होत्या, म्हणजे चर्चच्या जगानेच स्वतःवर हे बंधन घालून घेतले आहे. अर्थात सर्व संस्था सारख्या नाहीत. पाणी आणि सुवार्ता दोन्ही पोहोचवणे हेच आपले काम आहे असे उघडपणे सांगणाऱ्याही संस्था आहेत, आणि त्या ते लपवत नाहीत हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. माझ्या पाहणीत निर्णायक ठरणारी गोष्ट घोषणांपेक्षा फार साधी निघाली: विहिरीची जागा कोणाच्या मालकीची आहे? विहीर चर्चच्या आवारात असेल तर फाटकाला रात्री कुलूप लागते, चावी एकाच घरात असते, आणि कोणी अडवले नाही तरी दुसऱ्या धर्माची किंवा दुसऱ्या जमातीची बाई तिथे घागर घेऊन जायला कचरते. तीच विहीर सार्वजनिक जागेवर असली आणि पाणी समितीत सर्व थरांतल्या बायका असल्या, तर पंपावर कोणाचे नाव कोरले आहे याची फारशी फिकीर कोणी करत नाही.

चर्चचे एक बलस्थानही आहे. मोठ्या मदतसंस्थेचा प्रकल्प तीन वर्षांनी संपतो आणि तिची माणसे निघून जातात. तिथल्या मंडळीचे चर्च मात्र दर रविवारी भरतच राहते. पंप बिघडल्याचा निरोप त्याच आठवड्यात योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याची याहून स्वस्त यंत्रणा नाही. फार थोड्या संस्था तिचा उपयोग करून घेतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. त्याऐवजी परदेशातून आठवडाभरासाठी स्वयंसेवकांचे गट आणून त्यांच्याकडून चौथरा बांधून घेण्यात पैसे जातात, जे काम वस्तीतला गवंडी अधिक चांगले करतो आणि ज्याची मजुरी त्याला हवीच असते.

तेव्हा आपण संस्थेला एक पत्र लिहावे. पाच वर्षांहून जुन्या अशा तीन पाणवठ्यांची आजची स्थिती कळवा, एवढीच मागणी त्यात असावी. मी स्वतः एकदा असे पत्र तीन संस्थांना पाठवले होते. एकीकडून गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक आले, दुसरीकडून काहीच आले नाही. तिसरीने पंपाजवळ ठेवलेल्या वहीच्या दोन पानांची छायाचित्रे पाठवली: तारीख, काय बिघडले, कोणी उघडले, कोणता भाग बदलला, पंप किती दिवस बंद होता. एका नोंदीत ‘साखळी तुटली, ११ दिवस बंद’ असे लिहिले होते. पुढच्या बिघाडाच्या वेळी पंप दोनच दिवस बंद राहिला होता, कारण मधल्या काळात समितीने सुटे भाग वस्तीतच ठेवायला सुरुवात केली होती. तेव्हापासून मी त्या तिसऱ्या संस्थेला दरवर्षी पैसे पाठवतो. त्यांची छायाचित्रे बहुधा थोडी हललेली असतात.