वडिलांच्या पेसमेकरची जागा लाल होऊन पाणी येतंय. चोपड्याचे डॉक्टर म्हणतात वायरी काढाव्या लागतील. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही का?

नाही भागणार. जंतू एकदा पेसमेकरच्या डबीवर आणि तिच्यातून शिरेवाटे हृदयात गेलेल्या वायरीवर (लीड) बसले की अँटिबायोटिकने वरवर दबतात आणि औषध थांबलं की पुन्हा उसळतात. म्हणून डबी आणि सगळ्या लीड, दोन्ही काढायचं. जखमेवर हळद नको, आणि गावात कुणाला सुई टोचून पू काढू देऊ नका.

बॅटरी बदलणं तसं सोपं काम. लीडचं तसं नाही. वर्षभरानंतर ती शिरेला आणि हृदयाच्या आतल्या भिंतीला चिकटत जाते, आणि जुनी असेल तर नुसती ओढून निघत नाही. तिच्यावरून लेसरची किंवा फिरत्या धारेची नळी सरकवून ती सोडवतात. क्वचित मोठी शीर किंवा हृदय फाटू शकतं, म्हणून हार्ट सर्जन तिथेच तयार हवा. जळगाव-धुळ्यात विचारा जरूर, पण ‘अशा किती लीड काढल्यात?’ हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ मुंबईची गाडी धरा.

ठोके पूर्ण पेसमेकरवरच असतील तर मध्यंतरी तात्पुरती वायर लावतात. जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर नवा पेसमेकर बहुधा दुसऱ्या बाजूला बसवतात.

(संसर्ग नसेल, लीड फक्त तुटली असेल, तर कधी जुनी तशीच ठेवून शेजारी नवी टाकतात. तुमच्याकडे तो पर्याय नाही.)

पेसमेकरचं कार्ड सोबत न्या. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.