वाचकांचे प्रश्न : लिंकनला टेकलेला मुलगा कोण?

प्रश्न : माझ्याकडे अब्राहम लिंकनच्या फॅमिलीचा जुना फोटो आहे. टेबलाशी लिंकन आणि बायको, मागे मोठा मुलगा मिलिटरीच्या युनिफॉर्ममधे, शिवाय दोन लहान मुलं. त्यातला एक लिंकनला टेकून पुस्तक बघतोय. खाली नावं नाहीत, नेटवर कोणी त्याला विली म्हणतं कोणी टॅड. नक्की कोण?

उत्तर : टॅड. पण वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याकडचा हा फोटो नाहीच, जुळवलेलं छापील चित्र आहे. लिंकन आणि मेरी या नवराबायकोचा एकत्र फोटो आजवर मिळालेलाच नाहीये. एप्रिल १८६५ मधे लिंकनचा खून झाला आणि सगळ्यांना त्याच्या फॅमिलीचं चित्र भिंतीवर हवं झालं, मग काय, छापणाऱ्यांनी वेगवेगळ्या फोटोंतले चेहरे उचलून एका टेबलाभोवती बसवले. बापलेकाची पोज घेतली ती ९ फेब्रुवारी १८६४ च्या फोटोतून, वॉशिंग्टनला ब्रेडी नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत काढलेला, त्यात दोघंच आहेत, लिंकनच्या नाकावर चष्मा, हातात जाडजूड पुस्तक आणि शेजारी दहा वर्षांचा टॅड उभा. बरेच लोक ते बायबल समजायचे, होता मात्र स्टुडिओतला फोटो अल्बम!

दुसरा छोटा म्हणजे विली, आणि गडबड तिथेच आहे. विली फेब्रुवारी १८६२ मधे व्हाइट हाउसमधेच तापाने गेला, अकरा वर्षांचा होता, आणि थोरला रॉबर्ट आर्मीत गेला १८६५ च्या सुरुवातीला. म्हणजे युनिफॉर्ममधला रॉबर्ट आणि विली एका खोलीत असूच शकत नाहीत. (चित्रात नसलेला मुलगा एडी, तो तर विलीच्या जन्माआधीच गेला, १८५० मधे.) म्हणून मी चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघतो, भावंडं एकमेकांसारखी दिसतातच, आधी कोण कधी जन्मलं कधी गेलं ते कागदावर लिहून काढायचं, निम्मी नावं तिथेच गळतात.

आणि खरा जुना अमेरिकन फोटो हाती लागला तर आधी उलटा करा. मागे टॅक्सचं तिकीट चिकटवलेलं असेल तर तो सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांत विकलेला, कारण फोटोवर तो टॅक्स तेवढाच काळ होता.

प्रश्न : एका पुस्तकात फ्रँकलिन रूझवेल्टचा लहानपणचा फोटो म्हणून चक्क फ्रॉकमधल्या लांब केसांच्या मुलीचा फोटो छापलाय. चूक ना?

उत्तर : नाही हो, तोच आहे. १८८४ चा फोटो, वय अडीचच्या आसपास. त्या काळी तिकडे लहान मुलगेही फ्रॉकच घालायचे, केसही लवकर कापत नसत. तेव्हा फ्रॉक दिसला की मुलगी, असं धरून चालाल तर प्रेसिडेंट हातचा जाईल.

प्रश्न : चेहरा ठिपक्याएवढाच असेल तर?

उत्तर : तर मग त्या दिवशी तिथे असलेलं माणूस शोधायचं, नशिबात असेल तर सापडतं. २५ एप्रिल १८६५ ला लिंकनची अंत्ययात्रा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून चाललीये असा एक फोटो आहे, त्यात कोपऱ्यावरच्या एका घराच्या वरच्या खिडकीत दोन पोरं दिसतात, म्हणजे डोकी दिसतात एवढंच. घर थिओडोर रूझवेल्टच्या, म्हणजे पुढे प्रेसिडेंट झालेल्या दुसऱ्या रूझवेल्टच्या, आजोबांचं, पण पोरं कोण? हे शेवटी कितीतरी वर्षांनी त्याच्या बायकोने, ईडिथने सांगितलं, की एक थिओडोर, तेव्हा सहा वर्षांचा, आणि दुसरा त्याचा भाऊ एलियट. तीही त्या दिवशी त्याच घरात होती, पण फोटोत नाही, कारण रस्ताभर काळं कापड बघून ती रडायला लागली आणि या पोरांनी तिला मागच्या खोलीत कोंडून टाकलं.