खांद्याचं ऑपरेशन: एफडी मोडू की पॉलिसी काढून थांबू?

कळव्याहून एका ताईंनी विचारलंय: मुलगा २२ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी कबड्डीत पकड करताना उजवा खांदा निखळला, मग आणखी तीनदा. शेवटच्या वेळी तर लोकलमध्ये वरची कडी धरल्यावर. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशनचे १ लाख ९० हजार सांगितले, दुसऱ्यांनी हाड बसवायचं म्हणून २ लाख ६० हजार. घरात ३ लाखांची एफडी आहे, मुदत संपायला सात महिने. मेडिक्लेम नाही. एजंट म्हणतो, आत्ता पॉलिसी घ्या, खांद्याचं लिहू नका. मुलगा येत्या एक तारखेला महापेच्या कंपनीत रुजू होतोय.

ताई, आधी एजंटचं बोलू. त्याचं अजिबात ऐकू नका. दवाखान्याच्या पहिल्याच कागदावर ‘दोन वर्षांत चार वेळा निखळला’ असं लिहिलं जाणार, आणि क्लेम तिथेच अडकणार. प्रीमियमही गेला, ऑपरेशनही खिशातून. खरं लिहून पॉलिसी घेतली, तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेवढा धीर या खांद्याला नाही.

का, ते सांगते. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. पहिल्यांदा निखळताना तिच्या कडेची कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक किनार, सुटते; ती दुर्बिणीतून टाके घालून पुन्हा शिवतात, त्याला बँकार्ट म्हणतात. पण दर वेळी निखळताना बशीची हाडाची कडही थोडी झिजते. ती साधारण पाचवा हिस्सा गेली असेल, तर नुसती शिवण टिकण्याची खात्री उरत नाही. मग जवळचाच हाडाचा तुकडा स्नायूसकट आणून स्क्रूने बसवतात, ती लाटार्जे. म्हणजे तुमच्याकडची दोन कोटेशन्स एकाच वस्तूचे स्वस्त-महाग भाव नाहीतच. सत्तर हजार वाचले म्हणून चुकीचं ऑपरेशन केलं, तर दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागेल. म्हणून पहिला खर्च थ्रीडी सीटी स्कॅनचा करा आणि हाड किती झिजलंय ते दोन्ही डॉक्टरांना विचारा. कोटेशनमध्ये अँकर (शिवण हाडाला धरून ठेवणारे छोटे खुंटे) किती लागणार आणि एकाची किंमत काय, तेही लिहून घ्या. बिल बहुतेक वेळा तिथेच फुगतं.

आता पैसे. कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बरेचदा जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. बरेचदा, नेहमी नव्हे. म्हणून मुलाने रुजू होताच एचआरला मेलवर विचारावं: वेटिंग पिरियड (जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत) माफ आहे का, विमा किती, रूमच्या भाड्याला मर्यादा आहे का. मर्यादेपेक्षा महागडी रूम घेतली, तर बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. डॉक्टरांची हरकत नसेल तर कंपनीच्या या विम्यासाठी महिनाभर थांबणं मला पटतं. तीन वर्षं नाही.

एचआरचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. दोन लाख सात महिने उचलले आणि बँकेने ठेवीच्या व्याजावर २ टक्के जादा लावले, तर निव्वळ फटका सुमारे २,३०० रुपयांचा. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांच्या वाटेला जाऊच नका. कळव्याच्या महापालिका रुग्णालयातही एकदा चौकशी करा. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, सांगतील.

वीस-पंचवीस हजार मात्र बाजूला ठेवा. चार ते सहा आठवडे हात झोळीत, पुढे काही महिने फिजिओथेरपी. ती अर्धवट सोडली तर ऑपरेशनचे पैसे वाया जातात, हे मी कळकळीने सांगतेय. ग्रुप पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे साधारण ६० दिवस धरले जात असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्येक बिल जपा. आणि नवी नोकरी आहे, तर रजेचं किंवा घरून काम करण्याचं बोलणं ऑपरेशनची तारीख घेण्याआधी करा.

तोवर कबड्डी बंद. आणि महापेला जाताना ठाण्याहून घणसोलीच्या लोकलमध्ये वरची कडी डाव्या हाताने धरायला सांगा. हात वर आणि मागे गेला की हा खांदा निसटतो.