८ मार्चला जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिनवर पाच मिनिटं बोलायचं आहे (फोंडा, वाचनालय). काय सांगावं, कुठे चुकतं?

सर्वांत मोठी चूक तारखेचीच: ८ मार्च क्लारानेच ठरवला असं सांगितलं जातं. १९१०ला कोपनहेगनच्या समाजवादी महिला परिषदेत महिला दिनाचा ठराव झाला, पण त्यात तारीख नव्हती. पहिला दिवस १९ मार्च १९११ला जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वित्झर्लंडमध्ये पाळला. ८ मार्च आला तो १९१७च्या पेट्रोग्राडच्या (रशियाची तेव्हाची राजधानी) महिला कामगारांच्या संपातून. जुन्या रशियन कॅलेंडरात ती २३ फेब्रुवारी होती. हे सांगितलंत तर निम्मी सभा तिथेच जागी होते.

क्लाराचा जन्म १८५७, सॅक्सनी (जर्मनी). लाइपझिगला शिक्षिका म्हणून तयार झाली. झेटकिन हे आडनाव जोडीदार ओसिपचं. दोघांचं कायदेशीर लग्न झालंच नव्हतं, त्यामुळे 'पती' म्हणू नका.

भर द्या तो 'ग्लाइखहाइट' (समता) या महिलांच्या नियतकालिकावर. १८९२ ते १९१७ ती संपादक होती. प्रशियात (जर्मनीतलं सर्वांत मोठं राज्य) १९०८पर्यंत बायकांना राजकीय संघटनेत जायला कायद्यानेच बंदी, म्हणून हे पत्र म्हणजेच संघटना आणि शाळा. १९१४पर्यंत खप सव्वा लाखाच्या आसपास. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून तिच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षानेच ते तिच्याकडून काढून घेतलं.

१९३२ला वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून, आजारी असतानाही, तिने राइशस्टागच्या (जर्मन संसद) अधिवेशनाचं उद्घाटन केलं. समोर नाझी खासदार बसलेले. पुढच्या वर्षी मॉस्कोजवळ निधन.

गोव्याचा धागा हवा असेल तर १९१०च घ्या: पोर्तुगालचा ३ नोव्हेंबरचा घटस्फोट कायदा इथेही लागू झाला. मात्र त्याचं श्रेय क्लाराला देऊ नका, दोन्हींचा संबंध नाही.