फक्त मैफलींवर व्हायोलिनवादकाचं भागतं का?

तुम्ही विचारलंय : व्हायोलिनची विशारद परीक्षा पास झालो, आता नोकरी सोडून पूर्णवेळ व्हायोलिनच करायचंय. मैफलींवर भागेल, की शेवटी 'क्लासच घ्यावे लागतील'?

त्या 'क्लासच'मधला 'च' आधी काढा. मी ठाण्यात 18 वर्षं शिकवतोय, वाजवतोही. मैफलींवर माझं घर चालत नाही. पण मोठ्या व्हायोलिनवादकांचं तरी कुठे चाललं? व्ही. जी. जोग लखनौच्या मॅरिस कॉलेजात शिकवायचे, पुढे आकाशवाणीत नोकरीला होते. एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात जवळपास 40 वर्षं काढली. गजाननबुवा जोशींनीही आकाशवाणीत नोकरी केली. बुवांचं व्हायोलिन समोर बसून ऐकलेले आता थोडेच उरलेत. पण बुवा गायकही होते, आणि त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर गायला बसले की बुवांची तालीम आजही कानावर येते.

मैफली कमी असण्याला कारण आहे. कर्नाटक संगीतात गायकाच्या साथीला व्हायोलिन लागतंच, म्हणून तिकडे विशीतल्या मुलालाही साथीची कामं मिळतात. आपल्याकडे, हिंदुस्थानी संगीतात, ती जागा आधी सारंगीची, मग पेटीची. आपण वाजवायचं ते स्वतंत्र, आणि नवख्याचं स्वतंत्र व्हायोलिन ठेवणारी मंडळं बोटावर मोजण्याइतकी. (एका आयोजकाने मला 'मानधन पुढच्या आठवड्यात' सांगितलं होतं. तो आठवडा अजून उजाडायचाय.)

क्लासचा धोका वेगळाच. सुरुवातीला मी येईल त्याला घेतलं. चाळीसेक मुलं झाली, पैसे बरे येऊ लागले आणि रियाझ गेला. दोन वर्षांनी एका घरगुती बैठकीत यमनची आलापी करताना बो (गज) थरथरला. षड्ज, म्हणजे साधा सा, लांबवता येईना. समोरच्या दोघातिघांना कळलं असणार. कुणी बोललं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून सकाळी दहाच्या आत कुणालाही शिकवत नाही, पालक कितीही म्हणोत.

उलटही घडतं. दहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "सर, बो वळवताना तुमची मींड तुटते का?" एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं, ती मींड. आणि माझी तुटत होती! महिनाभर मी मनगटावर काम केलं, नुसत्या मोकळ्या तारेवर. फी खरं तर तिलाच द्यायला हवी होती.

तुमच्यासाठी एवढंच : नोकरी लगेच सोडू नका. शनिवार-रविवार पाच-सहा मुलं घ्या, आकाशवाणीच्या ऑडिशनचा अर्ज भरा. आणि एखाद्या गवयाकडे गाणं शिकायला लागा. आपल्या वाद्याला सतारीसारखे स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नाहीत. बोट कुठे ठेवायचं ते गळ्याला आधी कळतं. विशारदच्या परीक्षेत हे कुणी विचारत नाही, बैठकीत मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळतं.