हायवेला सुसाट, सिग्नलला बंद

प्रश्न : माझी १९९६ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. गरम झाल्यावर चोक आत ढकलला की आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) खाली येतं आणि द्वारकेच्या सिग्नलला हमखास बंद पडते. आग्रा रोडला साठच्या वेगाने मात्र काही तक्रार नाही. गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर उघडून किट टाकलं, शेवटी आयडलचा स्क्रू वाढवून दिला. आता नवा कार्बोरेटरच घ्यावा का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : इतक्यात नका घेऊ. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास मिटलेला असतो आणि इंजिन मॅनिफोल्डमधून (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या वाटेतून) जोरात हवा ओढत असतं. अशा वेळी कार्बोरेटरला बगल देऊन एखाद्या फटीतून हवा शिरली, तर तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि इंजिन गचके खात बंद पडतं. साठच्या वेगाला थ्रॉटल उघडा असतो, आत जाणाऱ्या एकूण हवेपुढे ती फट किरकोळ ठरते. चोक ओढल्यावर गाडी सावरते, कारण चोक पेट्रोलचं प्रमाण वाढवतो.

आयडल जेट (आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबला तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी ते तपासा. कार्बोरेटरवर वायर जोडलेला सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असेल तर इंजिन बंद ठेवून किल्ली इग्निशनवर फिरवा. टिक्क असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायर सैल असेल किंवा सोलेनॉइड गेला असेल. आयडलचं पेट्रोल तिथेच अडतं. शेवटची पीयूसीची पावतीही काढून बघा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अगदी कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) भरपूर असेल तर मिश्रण लीन होऊन सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे हवेच्या गळतीचा संशय बळावतो.

मग गळती शोधा. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि मॅनिफोल्डला जाणारी एकेक रबरी नळी चिंधी लावून पक्कडीने दाबा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या झडपेची), ब्रेक बूस्टर असेल तर त्याची. पीसीव्हीची नळी दाबल्यावर आयडल थोडं बदलणारच, ते सोडून द्या. बाकी जी दाबल्यावर आयडल एकदम सुधारेल, तिच्यात किंवा तिच्या पलीकडच्या टोकाला दोष. डिस्ट्रिब्युटरची बारीक नळी सगळ्यात जास्त फसवते. वरून धडधाकट दिसते, पण निपलवरून काढून टोक वाकवलं की खालच्या बाजूची चीर ओठासारखी उघडते. लांबी पुरत असेल तर टोकाचा एक सेंटिमीटर कापून परत बसवा. मात्र रबर कडक झालं असेल तर सगळ्याच नळ्या बदला. फार खर्च नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी नको, गरम झाली की ती मऊ पडून चिकटते.

नळ्या ठीक निघाल्या तर झाडांना पाणी मारायची फवारणीची बाटली घ्या. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर थोडं थोडं पाणी मारा. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी वाचवा. फट असेल तिथे पाणी क्षणभर बूच होतं आणि आयडल बदलतं. कार्बोरेटर क्लीनर मारून किंवा उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघून गळती शोधणारे आहेत. गरम इंजिन आणि पेट्रोलची वाफ असताना हे दोन्ही कृपा करून करू नका.

दोनदा किट टाकलेल्या गाडीत आमचा पहिला संशय बुडाच्या गॅस्केटवर. एकाच बाजूचा नट करकचून आवळला की फ्लँज (कार्बोरेटरच्या बुडाची सपाट कड) वाकतो. कार्बोरेटर उतरवलात तर फ्लँजवर सरळ पट्टी ठेवा. खालून ०.१० मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकला तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करावा लागेल. गॅस्केट नवं घाला, नट समोरासमोरचे आणि थोडे थोडे आवळा. सिलिकॉन लावू नका. पेट्रोलने ते फुगतं आणि तुकडे आत जातात. चालू इंजिनात थ्रॉटलचा दांडा आडवा हलवल्यावर आयडल बदललं, तर दांड्याची भोकं झिजली आहेत. तिथे बुश बसवण्याचं काम लेथवाल्याचं.

मेकॅनिककडे व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं मीटर) असेल तर एक लक्षात ठेवा. पुस्तकातला १७ ते २१ इंचांचा (पाऱ्याचे इंच) आकडा समुद्रसपाटीचा आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे दोन इंच वजा करा. १६वर स्थिर काटा हा इथे दोष नाही; १० ते १२वर स्थिर असेल तर गळती किंवा ठिणगीचं मागे पडलेलं टायमिंग.

गळती बंद झाल्यावरच स्क्रू फिरवा. चोक पूर्ण आत, आयडल साधारण ८५० ते ९०० आरपीएम. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकवून दोन फेरे बाहेर घ्या आणि तिथून इंजिन सर्वांत शांत चालेल ती जागा शोधा. जोर लावून टेकवलात तर सुईच्या टोकाला खाच पडते, मग तो स्क्रू नीट जुळतच नाही.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी कसारा घाट चढताना मध्येच दम सोडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालते. यातही हवेची गळती असेल का?
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : बहुधा नाही. चढावर थ्रॉटल उघडा असतो, तेव्हा गळतीचा त्रास सर्वांत कमी. इथे पेट्रोलच कमी पडतंय. पुन्हा असं झालं की आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, सुईने मोकळं करा. तसं नसेल तर पंपावर ओलं फडकं ठेवून बघा. त्याने फरक पडला तर उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होतेय. दोन्हीने फरक पडला नाही तर फिल्टर आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) तपासा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. कॉइलची वायर काढा, कार्बोरेटरला येणारा पाइप बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात पडायला हवं, नुसतं ठिबकलं तर पंप उघडायला हवा.