ताशी 100 किलो पेट्रोल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवून उतरायची स्पर्धा) गाडीतल्या 373 सीसीच्या सिंगल सिलिंडरला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवायचा तुझा बेत वाचला. बेत चांगला आहे, पण ‘बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) किती ठेवू?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेव. आधी जपानी रेसिंगमधलं एनआरई, म्हणजे निप्पॉन रेस इंजिन, नीट समजून घे.

2013पर्यंत तिथल्या जीटी500 (छपराच्या गाड्या) आणि सुपर फॉर्म्युला (उघड्या चाकांच्या एकसीटी गाड्या) या मालिकांत 3.4 लिटरची बिनटर्बोची व्ही8 इंजिनं धावत. 2014पासून त्यांच्या जागी दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो इंजिन आलं. नियम सगळ्यांना सारखे, इंजिन ज्याचं त्याचं: जीटी500ला टोयोटा, निसान आणि होंडा, सुपर फॉर्म्युलाला टोयोटा आणि होंडा. व्ही8चा आवाज गेल्याची हळहळ तुझ्याही पत्रात आहे. आवाज मलाही आवडायचा, पण शिकायला या छोट्या इंजिनात कितीतरी जास्त आहे.

कारण इथे अडवलंय ते इंधन. पेट्रोलच्या लाइनमध्येच रिस्ट्रिक्टर, म्हणजे प्रवाहावर मर्यादा घालणारं अरुंद भोक, असतो. सुरुवातीची मर्यादा होती ताशी 100 किलो. जीटी500मध्ये तर जिंकणाऱ्या गाडीवर वजन चढवतात आणि ते 50 किलोच्या वर गेलं की हाच रिस्ट्रिक्टर आणखी आवळतात.

वही घे आणि मांड. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 43 मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे ताशी 100 किलोला सुमारे 1194 किलोवॅट. त्यातले 34 टक्के क्रँकवर आले तर 550 अश्वशक्ती, 40 टक्के आले तर 650. एकेका टक्क्यामागे सोळा अश्वशक्ती! मर्यादा गाठल्यावर आरपीएम वाढवलेस तर नुसतं घर्षण वाढतं. टर्बो इथे तेवढ्याच पेट्रोलला जादा हवा पुरवतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी; ज्वलनाचं तापमान उतरतं, सिलिंडरच्या भिंतींतून वाया जाणारी उष्णता घटते. दोन लिटरला चारच सिलिंडर ठेवण्याचा फायदाही तोच, भिंतींचं क्षेत्रफळ कमी. बदल्यात इनलाइन फोरचा थरथराट सोसावा लागतो.

आता तुझी गाडी. स्पर्धेच्या नियमाने तुझी सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या भोकातून येते. ते पूर्ण चोक झालं, म्हणजे त्यातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचली, तरी सेकंदाला 74 ग्रॅमच्या वर हवा मिळत नाही, आणि हवेला मर्यादा आली की पेट्रोललाही आलीच. तुझं सिंगल टर्बोशिवाय ते भोक पुरतं वापरूच शकत नाही, म्हणून टर्बोला अर्थ आहे. तुझ्याकडे हवाच अपुरी, त्यामुळे जपान्यांसारखं लीन चालवायला जाऊ नकोस. त्यांच्याकडून घ्यायचं ते घर्षणाचं आणि नॉकिंगचं (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याचं) भान. नॉकिंग आलं की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घ्यावं लागतं आणि टक्के तिथेच गळतात. दर रननंतर प्लग काढून भिंगाखाली बघ. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले तर पिस्टनचं ॲल्युमिनियम उडायला लागलंय. त्या दिवशी बूस्ट वाढवायचा विषय बंद.

आपला रेसर नारायण कार्तिकेयन 2014मध्ये, म्हणजे या इंजिनाच्या पहिल्याच मोसमात, सुपर फॉर्म्युलात उतरला. नोव्हेंबर 2019मध्ये जपानच्या फुजी ट्रॅकवर जीटी500 आणि डीटीएम या जर्मन रेसिंग मालिकेच्या गाड्या एकत्र धावल्या, तेव्हा दुसरी शर्यत त्याने होंडा एनएसएक्समधून जिंकली. त्या वर्षी डीटीएमनेही दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन घेतलं होतं. ती शर्यत अवश्य बघ.

मला पुढच्या डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र) रनचा लॉग पाठव. त्यात दर 500 आरपीएमला टॉर्क, पेट्रोलचा खर्च, इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग हवं. सोबत प्लगचे फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेले. बूस्टचा आकडा ते बघून ठरवू.

तुझा,
सर